पाणीच तर आहे!

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराकडे दोन लिटरची एक पारदर्शक बाटली आहे. तिच्यावर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत रेघा मारल्यात आणि प्रत्येक रेघेपुढे 'शाब्बास', 'अजून थोडं' छापाचं काहीतरी लिहिलंय. शिवाय फोनमध्ये अ‍ॅप. दर तासाला टिंग होतं आणि साहेब मीटिंगच्या मधोमध घटाघटा पाणी पितात. परवा मला म्हणाला, "तू दिवसभरात दोन कप कॉफीवर असतोस, किडनीची वाट लागेल. पाणी पी. पाण्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

त्याला तिथेच काय ते सांगणार होतो, पण बिल्ड तुटलेली होती. म्हणून आज शनिवारी, चहा घेऊन, सविस्तर.

(आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड पाडून पोट भरतो. पण या एका विषयावर गेली काही वर्षं हाताला लागेल ते वाचत आलोय, आणि का ते पुढे कळेलच.)

आठ ग्लासांचं पटकन उरकून घेऊ. हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या, आयुष्यभर किडनीचा अभ्यास केलेल्या प्राध्यापकानं २००२ साली 'रोज आठ ग्लास पाणी प्या' या उपदेशाला पुरावा काय, हे शोधायचा प्रयत्न केला. निरोगी, साध्या हवामानात राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या माणसासाठी असा पुरावा त्याला सापडला नाही. त्याच वर्षीच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम खाली गेलेलं होतं आणि तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. उन्हातान्हात पळताना 'तहान लागायच्या आधी प्या' असं सांगितलेलं, ते त्यांनी मनापासून पाळलेलं. २००७ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये एका रेडिओ स्टेशननं स्पर्धा ठेवली, की भरपूर पाणी प्या, बाथरूमला जाऊ नका, आणि निन्टेन्डोचा वी हा खेळ जिंका. तीन मुलांची २८ वर्षांची आई त्या स्पर्धेनंतर काही तासांत घरी मरण पावली. कारण पाणी.

तर, हो. पाण्यानं वाईट होतं. पण धावपटू आणि रेडिओच्या स्पर्धा पेपरात येतात. ज्यांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं, रोज, भिंतींच्या आत घडतं, त्यांची बातमी होत नाही. मनोरुग्णालयांत दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहिलेल्या माणसांबद्दल बोलतोय मी.

त्यातला एक माझा सख्खा मामा आहे.

नानामामा. आईपेक्षा चार वर्षांनी धाकटा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनिया झाला. आजी-आजोबा होते तोवर घरी होता, मग एका संस्थेत. संस्थेचं नाव लिहिणार नाही, कारण मुद्दा त्या एका संस्थेचा नाहीये. गावाबाहेर, आवारात आंब्याची झाडं, वॉर्डात तीसेक खाटा. महिन्यातून एकदा आई आणि मी जायचो. गाडीतून उतरताना माझ्या पाठीवरच्या बॅगेत पाण्याची बाटली असायची, आणि नानामामाचं लक्ष पहिल्यांदा तिच्यावर जायचं. लाडू, चिवडा, नवा शर्ट सगळं बाजूला. बाटली तोंडाला लावायची आणि एका दमात रिकामी. मग बाथरूमकडे चक्कर. परत आला की शर्टाची छाती ओली.

आम्ही हसायचो हो. आई म्हणायची, "नाना म्हणजे अगदी उंट झालाय." पुढे पुढे आम्ही दोन बाटल्या न्यायला लागलो. हे वाक्य लिहिताना आजही बोट अडखळतं. बिचाऱ्याला आवडतं ना, मग दोन बाटल्या! वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, "पाणीच तर पितात, कुणाला त्रास नाही काही नाही." आणि खरंच, बिडीसाठी भांडणाऱ्यांच्या, रात्री ओरडणाऱ्यांच्या त्या वॉर्डात नानामामा 'चांगला पेशंट' होता. नळापाशी उभा राहायचा, इतकंच.

संध्याकाळी मात्र त्याचं बिनसायचं. ओकारी व्हायची, पाय लटपटायचे, बोलणं असंबद्ध व्हायचं, कधी अंगावर धावून जायचा. सकाळी उठला की पुन्हा ठीक. हा पॅटर्न फाइलमध्ये जागोजाग होता, मी नंतर वाचला. 'सायंकाळी आक्रमक, इंजेक्शन दिले.' 'सायंकाळी उलटी, इंजेक्शन दिले.' प्रत्येक वेळी आजार बळावला असं धरून झोपेचं इंजेक्शन. मी रोज लॉग वाचून पोट भरणारा माणूस, मला त्या फाइलमध्ये जे दहा मिनिटांत दिसलं ते कुणालाच दिसलं नव्हतं असं नाही. दिसण्यासाठी कुणी वाचलंच नव्हतं.

२०१९ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी त्याला फिट आली. मग दुसरी. मग शुद्ध हरपली. जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा सोडियम ११२ निघालं. निरोगी माणसाचं १३५ ते १४५ असतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "हे पाणी खूप पितात का?"

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता.

आता हे होतं कसं, ते माझ्या भाषेत सांगतो. साठ किलोच्या पुरुषाच्या शरीरात ढोबळमानानं ३६ लिटर पाणी असतं. त्यात सोडियमचं प्रमाण १४० धरा. तीन लिटर पाणी जास्तीचं आत गेलं आणि बाहेर पडलं नाही, तर तेवढंच सोडियम आता ३९ लिटरमध्ये पसरलं. १४० गुणिले ३६ भागिले ३९, म्हणजे १२९. सहा लिटर साठलं तर १२०. शाळेतलं सरबताचं गणित आहे, साखर तेवढीच आणि पाणी वाढवलं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. बाकीच्या अवयवांना फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद. म्हणून ओकारी, म्हणून झोकांड्या, म्हणून भ्रम, मग फिट, मग कोमा.

तुम्ही म्हणाल, पण किडनी आहे ना. आहे, आणि जबरदस्त आहे. नीट जेवणाऱ्या माणसाची किडनी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर फेकू शकते, दिवसाला बारा-पंधरा लिटर. त्यामुळे नुसतं जास्त पिणारे बहुतेक लोक निभावून जातात. पण किडनीला 'आता सोड' असा निरोप मेंदूकडून जावा लागतो. पाणी धरून ठेवायला सांगणारं एक संप्रेरक असतं, व्हॅसोप्रेसिन. पोटात भरपूर पाणी गेलं की ते थांबायला हवं. १९८८ साली गोल्डमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवलं, की अशा रुग्णांमध्ये हे नियंत्रणच हललेलं असतं. रक्त पातळ झालं तरी तहान थांबत नाही आणि व्हॅसोप्रेसिनही पुरतं बंद होत नाही. थर्मोस्टॅटचा काटाच चुकीच्या आकड्यावर बसलाय असं समजा. गीझर तापतच राहणार. त्याला 'तापू नकोस' असं ओरडून सांगून काय होणार?

त्यात भर घालणाऱ्या गोष्टी म्हणाल तर वॉर्ड त्यांनीच भरलेला असतो. बिडी-सिगारेट, कारण निकोटिननं व्हॅसोप्रेसिन वाढतं. मळमळ, त्यानंही वाढतं. कार्बामाझेपिनसारखी औषधं, नैराश्याच्या काही गोळ्या, त्याही सोडियम पाडू शकतात. हातपाय थरथरू नयेत म्हणून देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल, तिनं तोंडाला कोरड पडते. कोरड पडली की माणूस काय करणार, नळापाशी जाणार.

इथे एक हमखास प्रतिवाद येतो, विशेषतः औषधांवर मुळातच राग असलेल्या मंडळींकडून. सगळं गोळ्यांमुळेच होतं, गोळ्या बंद करा. थांबा जरा. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर स्टेट हॉस्पिटलात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची दिवसभराची लघवी मोजली, ती इतरांच्या दुपटीच्या घरात भरली. १९३८ साली अमेरिकेतल्याच एका मनोरुग्णाला पाण्यानं झालेल्या विषबाधेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मनोविकारावरचं पहिलं आधुनिक औषध, क्लोरप्रोमॅझिन, वापरात आलं १९५२ मध्ये. म्हणजे गोळी जन्मायच्या आधीपासून ही माणसं नळापाशी उभी आहेत. उलट क्लोझापिन नावाच्या गोळीनं काही रुग्णांचं पाणी पिणं कमी झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. तेव्हा गोळ्या बंद करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी कृपया दुसरा ब्लॉग शोधावा.

आणि ही काही हजारात एखाद्याची गोष्ट नाही. दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णांच्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये जास्त पाणी पिणाऱ्यांचं प्रमाण सहा ते वीस टक्के निघालंय. तीस खाटांच्या वॉर्डात दोन ते सहा माणसं. सगळ्यांना विषबाधा होत नाही, पण कुणाला होईल हे न मोजता कळत नाही. जवळपास नव्वद वर्षं ही गोष्ट छापील स्वरूपात उपलब्ध आहे. माझ्या धंद्यात एखादा बग नव्वद दिवस उघडा राहिला तरी व्हीपीचा फोन येतो.

असो. नानामामा वाचला. अतिदक्षता विभागात चार दिवस होता. तीव्र मिठाचं सलाइन, तेही थेंबाथेंबानं, दर काही तासांनी रक्त तपासत. कारण सोडियम घाईनं वर नेलं तरीही मेंदूला कायमची इजा होऊ शकते, दिवसात आठ-दहाच्या वर न्यायचं नाही असा दंडक आहे. (हे मुद्दाम लिहितोय. 'मीठ कमी झालंय ना, मग मीठ-पाणी पाजा' असा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर तो काढून टाका. हे घरी करायचं काम नाही, सरळ दवाखाना गाठा.)

आम्ही त्याला परत संस्थेत सोडलं, रिपोर्टची झेरॉक्स दिली, कारण समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात गेलो तर संस्थेनं उपाय केलेला होता.

बाथरूमच्या मुख्य नळाला कुलूप.

माझं खरं भांडण इथून सुरू होतं. पाणी ठराविक वेळी. जेवणाबरोबर दोन ग्लास, गोळ्यांबरोबर एक, आणि दुपारी साडेचारला अर्धा तास नळ उघडणार. फक्त नानामामासाठी नाही, अख्ख्या वॉर्डासाठी. तीस माणसं, एप्रिल-मे, पत्र्याचं छप्पर. मी अधीक्षकांना विचारलं तर म्हणाले, "मग काय करणार? ऐकत नाहीत. सुरक्षेसाठीच आहे."

कुलुपानं पाणी थांबलं का? नाही. ज्याच्या मेंदूतला तहानेचा काटाच सरकलाय तो माणूस नळ बंद आहे म्हणून गप्प बसत नाही. नानामामा फ्लशच्या टाकीतलं पाणी प्यायला. फरशी पुसायच्या बादलीतलं प्यायला. पावसाळ्यात खिडकीतून ओंजळ बाहेर काढून उभा राहायचा. हे त्याचं एकट्याचं नाही, शॉवरचं आणि संडासातलं पाणी पिणारे रुग्ण जगभरातल्या डॉक्टरांनी पाहिलेत. म्हणजे कुलुपानं काय साधलं, तर पिणं लपून व्हायला लागलं आणि पाणी घाण झालं. आधी निदान मावशींना दिसत तरी होतं.

पण कुलुपाचा याहून भयंकर भाग वेगळाच आहे. नानामामाच्या पलीकडच्या खाटेवर एक गृहस्थ होते, बँकेतले, फार सभ्य. त्यांना लिथियम चालू होतं. लिथियम बरीच वर्षं घेतलं की काहींच्या किडनीला व्हॅसोप्रेसिनचा निरोप ऐकूच येईनासा होतो. मग पाणी धरून ठेवता येत नाही, लघवीवाटे वाहून जातं आणि खरीखुरी तहान लागते. त्या माणसाला पाणी मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर शरीर कोरडं पडतं, रक्तातलं लिथियम वाढतं, आणि लिथियम वाढणं म्हणजे पुन्हा जिवाशी खेळ. तिसरा एखादा असेल ज्याला ओलान्झापिननं वजन वाढून मधुमेह झालाय आणि कुणी साखर तपासलेली नाही, तोही पाणी पाणी करणार. नळापाशी तीन माणसं उभी आहेत. बाहेरून तिघंही सारखीच दिसतात. एकाला पाण्यापासून वाचवायचंय, दुसऱ्याला पाणी द्यायचंय, तिसऱ्याला मधुमेहाचं औषध हवंय. आणि संस्थेचं उत्तर काय, तर तिघांना मिळून एक कुलूप!

'पाणीच तर पितो' म्हणून दुर्लक्ष करणारे आणि 'ऐकत नाही' म्हणून कुलूप लावणारे, मला पूर्वी ही दोन टोकं वाटायची. आता वाटत नाहीत. दोघांनीही मोजलेलं काही नसतं. दोघांच्याही लेखी ती एक खोड असते, वेड्या माणसाची खोड. खोड निरुपद्रवी वाटली तर हसायचं, उपद्रवी वाटली तर दंडुका. तिचा रक्तातल्या आकड्याशी संबंध असेल ही शंका कुणाला येत नाही. माझ्या ऑफिसातला तो बाटलीवाला पोरगा चक्कर येऊन पडला असता तर पंधरा मिनिटांत त्याचं रक्त लॅबमध्ये गेलं असतं. नानामामाला इंजेक्शन मिळालं.

मग मोजायचं कसं? इथेच मला सगळ्यात जास्त संताप येतो, कारण उत्तर हास्यास्पद स्वस्त आहे. वजनकाटा. १९८७ साली त्याच गोल्डमननं ल्युचिन्स या सहकाऱ्याबरोबर ही पद्धत अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये मांडली. सकाळी उठल्यावर, पाणी सुरू व्हायच्या आधी, वजन घ्यायचं. दुपारी-संध्याकाळी पुन्हा घ्यायचं. दिवसभरात माणसाची चरबी दोन किलोनं वाढत नसते, तेव्हा जे वाढलं ते पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, देवानं रूपांतरसुद्धा ठेवलेलं नाही. प्रत्येक रुग्णाची एक मर्यादा ठरवायची, साधारण तीन टक्के वाढलं की लक्ष ठेवायचं आणि पाणी आवरायचं, पाच टक्क्यांच्या आसपास गेलं की डॉक्टरांना बोलवायचं आणि सोडियम तपासायचं. नेमके आकडे डॉक्टर ठरवतील, माणसागणिक वेगळे असतात. पण तत्त्व इतकंच. आपल्याकडे सर्व्हरची मेमरी भरत चालली तर ऐंशी टक्क्यांना अलर्ट येतो, सर्व्हर पडेपर्यंत आपण थांबत नाही.

नानामामाचं वजन ५८ किलो. तीन टक्के म्हणजे पावणेदोन किलो, पाच टक्के म्हणजे दोन किलो नऊशे. मी बसून हिशेब केला. त्याचं सोडियम एरवीच १३० च्या घरात असायचं हे नंतर कळलं. तिथून ११२ पर्यंत यायला, ढोबळमानानं, पाच-साडेपाच लिटर पाणी अंगात साठलेलं असणार. म्हणजे त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी फिट यायच्या आधी कुणी त्याला नुसतं काट्यावर उभं केलं असतं, तर काट्यानं ६३ दाखवलं असतं. सकाळी ५८, संध्याकाळी ६३! हे कळायला एमबीबीएस लागत नाही.

मी हे अधीक्षकांना सांगितलं. (एक्सेल शीट करून नेली होती, सवय.) ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण स्टाफ कुठाय?" हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. तीस जणांमागे रात्री एक माणूस असतो, त्याचा पगार किती हे मला माहीत आहे, आणि तो जे सोसतो ते तुम्ही-मी आठवडाभर सोसणार नाही. पण हिशेब करू. सगळ्या तिसांचं वजन करायची गरज नाही. पिणारे पाच-सहा. प्रत्येकी एक मिनिट, दिवसातून दोनदा. बारा मिनिटं. डिजिटल काटा हजार-दोन हजाराला मिळतो. आणि नळ उघडायला-लावायला, रांग लावायला, भांडणं सोडवायला, फ्लशच्या टाकीपाशी पहारा द्यायला जो माणूस लागतो तो कुठून येतो? कुलुपाला स्टाफ मिळतो आणि काट्याला मिळत नाही, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

काटा म्हणजे जादू आहे असंही माझं म्हणणं नाही. काही जण वजनाच्या आधी लपून लघवी करून येतात, काही जण काट्यावर उभेच राहत नाहीत. मर्यादा ओलांडली की त्या माणसाला काही तास नळापासून दूर ठेवावंच लागतं, तेव्हा त्याची मनधरणी, कधी झटापट. पण ते एका माणसाला, काही तास, एका आकड्याच्या आधारावर. सगळ्यांना, कायमचं, कुलूप लावणं आणि हे, यात फरक आहे.

अजून एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच लॅबमध्ये मोजली जात नाही. मी एकदा नानामामाला सरळ विचारलं होतं, "इतकं पाणी का पितोस रे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत भाजतं. आणि दिवस जात नाही."

आत भाजतं, हे आजाराचं असेल. इतर रुग्णही अशी कारणं सांगतात, की विष धुऊन काढायचंय, गोळी बाहेर काढायचीय. पण 'दिवस जात नाही' हे कुणाचं? सकाळी सहाला उठवतात, आठला नाश्ता, गोळ्या, बाराला जेवण, गोळ्या, मग काहीही नाही, सातला जेवण, गोळ्या, दिवे बंद. एक टीव्ही, तो कोपऱ्यात उंचावर, रिमोट ऑफिसात. असं वीस वर्षं. तुम्हाला विमानतळावर चार तास उशीर झाला, फोनची बॅटरी गेली, तर तुम्ही काय करता? दुकानं बघता, परत बघता, चहा घेता, परत घेता. वॉर्डात दुकान नाही, चहा दोनदाच. फुकट, हवं तेव्हा मिळणारी, कुणाची परवानगी न लागणारी एकच गोष्ट होती. नळ. तोही गेला.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्या विसाव्या कलमात आस्थापनेत राहणाऱ्या रुग्णांना स्वच्छ, सुरक्षित जागेबरोबरच मोकळा वेळ, करमणूक आणि शिक्षणाच्या सोयी मिळण्याचा हक्क दिलाय. मी आधी वाचलं तेव्हा वाटलं, ही काय सजावट, आधी खाट तरी द्या धड. आता वाटतं, ज्यानं कुणी ते वाक्य घातलं त्याला वॉर्ड माहीत असावा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापर्यंत गेलेल्या माणसाच्या हातात वीस वर्षांत कुणी पाना दिला नाही.

आणि हे सगळं संस्थेच्या नावावर खपवून मी मोकळा होणार नाही. दुसरी बाटली कुणी नेली? आम्ही नेली. नऊ वर्षं महिन्यातून एकदा जाऊन, अर्धा तास बसून, 'बरा दिसतोय' म्हणत परत येणारे आम्हीच. फाइल दाखवा म्हणायचं धाडस फिट आल्यावर झालं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा काका, आत्या, मावसभाऊ असेल (असतो हो, आपण सांगत नाही इतकंच), तर पुढच्या खेपेला विचारा, की सोडियम शेवटचं कधी तपासलं, साखर कधी, लिथियम असेल तर त्याची पातळी कधी, आणि संध्याकाळी नेमकं काय होतं. 'संध्याकाळी बिनसतं' असं उत्तर आलं तर तिथून हलू नका. लोकांना राग येईल. येऊ दे.

२०२१ मध्ये आम्ही नानामामाला दुसरीकडे हलवलं. छोटी जागा आहे, चौदा माणसं. पैसे जास्त लागतात, मी आणि मावसभाऊ मिळून भरतो, आणि हे प्रत्येकाला परवडणार नाही याची मला पूर्ण जाणीव आहे. तिथल्या सिस्टरना मी काट्याबद्दल सांगायला सुरुवात केली तर त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. काटा होता. शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन आणि शाळेची वही. नानामामाचं पाणी पिणं बंद झालेलं नाही. एकदा पुन्हा १२१ पर्यंत गेलं होतं, पण ते वहीत दुपारी दिसलं आणि फिट यायच्या आत डॉक्टर आले. सकाळी तो तिथल्या पंपाची आणि कुलरची देखभाल करतो, म्हणजे निदान शेजारी उभं राहून दुसऱ्याला सूचना देतो. हल्ली काट्यावरून उतरला की स्वतःच आकडा सांगतो. मागच्या वेळी मला म्हणाला, "आज दीडच."

जुन्या संस्थेत मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. काही कागद राहिले होते. बँकेतले ते गृहस्थ अजून तिथेच आहेत, त्याच खाटेवर, खूप वाळलेत. मला ओळखलं. नानाची चौकशी केली, आईची केली. मग माझ्या बॅगेकडे बघत हळूच विचारलं, "पाणी आहे का हो?"

मी बाटली गाडीत ठेवून आलो होतो. आता सवयच लागलीय. वॉर्डातल्या माणसाला म्हटलं, यांना एक ग्लास पाणी द्या, यांना लिथियम चालू आहे. तो म्हणाला, "साडेचारला उघडतो साहेब नळ." भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.